संगणक वारंवार बंद पडतो? 'फॉरमॅट' करण्यापूर्वी रॅम तपासा

अमरावतीचा इतवारा असो की अकोल्याचा टिळक रोड, आज बहुतेक दुकानांत गल्ल्याशेजारी संगणक दिसतो. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि ज्यांचे हिशेब तोवर वहीतच होते, त्यांनाही बिले व विवरणपत्रे संगणकावर आणावी लागली. ठोक व्यापारी टॅलीवर खाते ठेवतात. लग्नपत्रिका छापणारे उर्दू मजकुरासाठी इनपेज वापरतात. एम्ब्रॉयडरीच्या मशीनची नक्षी संगणकावरच तयार होते, फ्लेक्सवाल्याचे तर सारे काम त्याच्यावरच. असा संगणक ऐन गर्दीत बंद पडला की गिऱ्हाईक खोळंबते आणि धंदा अडतो.

याबाबतची एक तक्रार व्यापारी व कारागीर बंधूंकडून नेहमी ऐकू येते. संगणक मंद चालतो म्हणून त्यात आणखी एक रॅम बसविली. चार दिवस तो छान चालला. मग बिल छापता छापता पडदा निळा झाला आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी टॅली उघडताच तो गोठला. दुरुस्तीवाला आला, 'विंडोज खराब झाली, व्हायरस आहे' म्हणाला आणि सारे पुसून फॉरमॅट करून गेला. आठ दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा फॉरमॅट, पुन्हा मजुरी आणि मध्ये राहून गेलेल्या नोंदी पुन्हा भरण्याचा ताप.

अशा बऱ्याच प्रकरणांत दोष विंडोजचा नसतो. जुनी रॅम आणि नवी रॅम यांचे आपसात जमत नाही, एवढेच असते. हा दोष घरच्या घरी, पैसा खर्च न करता तपासता येतो. तो कसा ओळखावा, कसा दूर करावा आणि रॅम घेताना काय पाहावे, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत.

रॅमचे काम काय?

संगणकात माहिती दोन ठिकाणी राहते. हार्ड डिस्क किंवा एसएसडी ही वखार समजा. तेथे ठेवलेला माल वीज गेली तरी जागेवर राहतो. रॅम हा दुकानाचा काउंटर. या घडीला ज्या मालाशी काम आहे तो वखारीतून काढून काउंटरवर मांडला जातो आणि काम संपले की परत जातो. वीज गेली की काउंटर रिकामा. काउंटर लहान असेल तर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वखारीकडे धावावे लागते. रॅम कमी पडल्यावर संगणक मंद होतो तो यामुळेच, आणि ती वाढविण्याचा सल्लाही योग्यच असतो. प्रश्न फक्त कोणती रॅम वाढवावी, हा आहे.

रॅमच्या पट्टीवर ज्या काळ्या चिपा दिसतात त्यांत अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात. कप्प्यात विद्युतभार आहे की नाही, यावरून संगणक १ किंवा ० वाचतो. हा भार सतत गळत असतो. म्हणून प्रत्येक कप्पा ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधराहून अधिक वेळा, पुन्हा भरावा लागतो. हे भरणे, वाचणे आणि लिहिणे ठरलेल्या वेळेतच व्हावे लागते. वेळ थोडी जरी चुकली तरी १ च्या जागी ० वाचला जातो. तो चुकीचा आकडा विंडोजच्या स्वतःच्या कामातला असेल तर संगणक कोसळतो.

'बसली म्हणजे चालली' हा समज

रॅमची मानके जेडेक नावाची आंतरराष्ट्रीय संस्था ठरविते. डीडीआर ३ ही पिढी २००७ च्या सुमारास बाजारात आली, डीडीआर ४ ही २०१४ मध्ये, तर डीडीआर ५ चे मानक २०२० मध्ये जाहीर झाले. दर पिढीला विजेचा दाब कमी होत गेला. डीडीआर ३ ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर ४ ला १.२ आणि डीडीआर ५ ला १.१. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये जाऊ नये म्हणून पट्टीवरील खाच निरनिराळ्या जागी ठेवली आहे. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका. ती त्या जागेसाठी बनलेलीच नाही.

पण खाच फक्त पिढी ओळखते. एकाच पिढीत रॅमचे अनेक प्रकार आहेत आणि ते सारे त्याच स्लॉटमध्ये बसतात. घोटाळा होतो तो येथे.

पेंटियमच्या काळापासून संगणक वापरणाऱ्या मंडळींना आठवत असेल की, तेव्हा ७२ पिनांची सिम नावाची रॅम दोन-दोनच्या जोडीनेच लावावी लागे. एक सिम ३२ बिटांची आणि पेंटियम ६४ बिटांचा, त्यामुळे एकटीने काम भागत नसे. पुढे १६८ पिनांची डिम आली आणि जोडीची सक्ती गेली. आज एक पट्टीही चालते. दोन सारख्या पट्ट्या लावल्या तर दोन्हींतून एकाच वेळी माहिती ये-जा करते आणि वेग वाढतो. म्हणजे जोडी आता सोयीसाठी आहे, पण ती लावायची तर नीट जुळणारी असावी.

जोडी का बिघडते?

प्रत्येक पट्टीवर एक अगदी लहान चिप असते. तिच्यात त्या पट्टीचा वेग, क्षमता व वेळापत्रक नोंदलेले असते. संगणक सुरू होताना बायोस ही नोंद वाचतो आणि दोन्ही पट्ट्यांना झेपेल असा वेग ठरवितो. जोडीत एक बैल चपळ आणि दुसरा सावकाश असेल तर गाडी सावकाश बैलाच्या चालीनेच जाते, तसेच हे. १६०० ची आणि १३३३ ची पट्टी एकत्र लावली तर दोन्ही १३३३ ने चालतात. तेव्हा दोन कंपन्यांच्या किंवा दोन वेगांच्या पट्ट्या कधीच चालत नाहीत, असे समजू नये. पुष्कळदा त्या वर्षानुवर्षे चालतात. मात्र पुढील परिस्थितीत बिघाड होण्याचा संभव असतो.

पहिले कारण विजेच्या दाबाचे. डीडीआर ३ मध्ये साधी १.५ व्होल्टची आणि 'एल' अक्षर असलेली १.३५ व्होल्टची, असे दोन प्रकार आहेत. 'एल' पट्टी दोन्ही दाबांवर चालावी अशी बनविलेली असते. साधी पट्टी कमी दाबावर चालेलच याची हमी नाही. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या अनेक लॅपटॉपांना 'एल' पट्टीच लागते. सहाव्या पिढीचे काही मदरबोर्ड डीडीआर ३ चे स्लॉट घेऊन आले, त्यांतही इंटेलने 'एल' पट्टीच वापरण्यास सांगितले आहे. साध्या पट्टीचा जास्त दाब तेथे प्रोसेसरला अपायकारक ठरू शकतो.

दुसरे कारण चिपांच्या रचनेचे. दोन्ही पट्ट्या ८ जीबीच्या असल्या तरी एकीवर चिपांची एक रांग व दुसरीवर दोन रांगा असू शकतात. जुन्या मदरबोर्डाला काही रचना ओळखताच येत नाहीत. बाजारात 'फक्त एएमडीसाठी' म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या डीडीआर २ व डीडीआर ३ पट्ट्या याच प्रकारच्या. इंटेलच्या संगणकात त्या लावल्या तर संगणक सुरूच होत नाही किंवा क्षमता अर्धीच दाखवितो.

तिसरे कारण सर्व्हरच्या रॅमचे. मोठ्या कंपन्यांचे जुने सर्व्हर मोडीत निघतात तेव्हा त्यांतील रॅम स्वस्तात बाजारात येते. तिच्या लेबलवर 'आर' हे अक्षर असते. ती दिसायला तशीच असली तरी दुकानातील साध्या संगणकात चालत नाही.

चौथे कारण वाढीव वेगाचे. काही पट्ट्यांना ठरलेल्या मानकाहून जास्त वेगाने पळविण्याची सोय बायोसमध्ये असते. तिला एक्सएमपी म्हणतात. एक पट्टी तो वेग सहन करते, शेजारची करीत नाही. चारही स्लॉट भरले की प्रोसेसरवरचा भार वाढतो आणि दोन पट्ट्यांवर चालणारा वेग चार पट्ट्यांवर चालेनासा होतो.

पाचवे कारण लबाडीचे. हलक्या चिपांवर चांगल्या कंपनीचे लेबल चिकटवून विकलेला माल. अशा पट्टीची नोंद एक सांगते आणि तिची ताकद दुसरीच असते. बायोस नोंदीवर विश्वास ठेवतो आणि फसतो.

लक्षणे कशी ओळखावीत?

संगणक बंद पडण्याची कारणे अनेक आहेत. म्हणून आधी तो कसा बंद पडतो हे पाहावे. दिवा विझावा तसा एकाएकी बंद झाला तर वीजपुरवठा, एसएमपीएस किंवा अतिउष्णता यांवर संशय घ्यावा. एकच प्रोग्राम प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी अडकत असेल तर दोष त्या प्रोग्रामात असण्याची शक्यता अधिक. फाइल उघडायला फार वेळ लागतो आणि हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येतो, तर हार्ड डिस्क पाहावी आणि ताबडतोब बॅकअप घ्यावा.

रॅमच्या दोषाची खूण अशी की, त्याला काही नेम नसतो. कधी टॅलीत, कधी इंटरनेटवर, कधी काहीच चालू नसताना संगणक गोठतो. निळ्या पडद्यावरचा संदेश दर वेळी वेगळा असतो. 'मेमरी मॅनेजमेंट', 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' असे संदेश आलटून पालटून येऊ लागले तर रॅमकडे पाहावे. यांतले काही संदेश ड्रायव्हरच्या दोषानेही येतात, म्हणून एका संदेशावरून निकाल देऊ नये. विंडोज नव्याने टाकतानाच मध्ये चूक येऊन काम थांबते, हीही मोठी खूण आहे. संगणक सुरू करताना बीप-बीप असा आवाज येतो आणि पडदा काळाच राहतो, तेव्हाही बहुधा रॅम नीट बसलेली नसते किंवा जुळत नसते. आणि बिघाड रॅम वाढविल्यानंतर सुरू झाला असेल तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

हिशेबाला असलेला धोका

संगणक कोसळतो तेव्हा निदान दोष कळतो तरी. त्याहून वाईट म्हणजे तो कोसळत नाही आणि आकडा मुकाट्याने बदलतो. रॅममधील चुकीचा आकडा 'सेव्ह' केला की तो डिस्कवर पक्का होतो. ४,००० या आकड्याचा एकच कप्पा उलटला तर त्याचे २०,३८४ होऊ शकतात. फाइलच्या रचनेतील कप्पा उलटला तर पूर्ण फाइलच उघडत नाही.

ही केवळ कल्पना नाही. टोरांटो विद्यापीठातील बियांका श्रोडर आणि गूगलच्या तज्ज्ञांनी गूगलच्या सर्व्हरमधील रॅमचा सुमारे अडीच वर्षांचा अभ्यास करून २००९ मध्ये तो प्रसिद्ध केला. वर्षाला शंभरातील आठांहून अधिक पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या. त्या सर्व्हरमध्ये चूक पकडणारी व दुरुस्त करणारी ईसीसी रॅम होती, म्हणून चुका मोजता आल्या. आपल्या दुकानातील संगणकात अशी सोय सहसा नसते. तेथे चूक झाली तर सांगणारे कोणी नाही.

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावे लागते. उधारीचे खाते तर याहूनही नाजूक. कोणाकडे किती येणे आहे याचा पुरावाच त्यात असतो, आणि आकडा चुकला तर पैशाबरोबर जुने संबंधही जातात. म्हणून आमचे सांगणे आहे की, संशय आला की सर्वप्रथम हिशेबाची प्रत काढा. ती नव्या पेन ड्राइव्हवर घ्या. जुना चांगला बॅकअप पुसून त्यावर नवा टाकू नका, कारण बिघडलेल्या संगणकातून निघालेली प्रतही बिघडलेली असू शकते. टॅलीत फाइल दुरुस्त करण्याची सोय आहे, पण ती रॅमचा दोष दूर झाल्यावरच आणि मूळ प्रत बाजूला ठेवूनच वापरावी. फॉरमॅट हा उपाय सर्वांत शेवटचा.

तपासणीची रीत

संगणक बंद करून प्लग काढावा. चालू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून मग आत हात घालावा. पट्टी कडांना धरावी, चिपांना व सोनेरी टोकांना बोटे लावू नयेत. लॅपटॉप असेल तर बॅटरी सुटी केल्याशिवाय काही करू नये. काही लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच झाळलेली असते, तेथे जाणकाराकडेच जावे.

आधी साफसफाई. दोन्ही पट्ट्या काढून सोनेरी टोकांवरून पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे व त्याचा चुरा ब्रशने झटकावा. पॉलिश पेपर, पाणी, रॉकेल मुळीच वापरू नये. स्लॉटमधील धूळ ब्रशने किंवा ब्लोअरने काढावी, तोंडाने फुंकू नये. मग पट्ट्या दोन्ही बाजूंची खिटी 'टक्' वाजेपर्यंत बसवाव्यात. कित्येक संगणक एवढ्यावरच ठीक होतात.

तरीही बिघाड राहिला तर एकच पट्टी ठेवावी. चार स्लॉटांच्या मदरबोर्डावर ती बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावायची असते. मदरबोर्डाच्या पुस्तिकेत ते दाखविलेले असते. त्या एका पट्टीवर दोन दिवस नेहमीचे काम करावे. नंतर ती काढून त्याच स्लॉटमध्ये दुसरी पट्टी लावावी व आणखी दोन दिवस पाहावे. शेवटी दोन्ही पट्ट्या एकेक करून दुसऱ्या स्लॉटमध्येही लावून पाहाव्यात. काय लावले आणि काय झाले हे कागदावर लिहून ठेवावे.

निष्कर्ष असा काढावा. एक पट्टी कोठेही लावली तरी संगणक कोसळतो आणि दुसरी कोठेही चालते, तर पहिली पट्टी खराब आहे. एका स्लॉटमध्ये दोन्ही पट्ट्या बिघडतात आणि दुसऱ्यात दोन्ही चालतात, तर स्लॉट खराब आहे. दोन्ही पट्ट्या एकेकट्या प्रत्येक स्लॉटमध्ये चालतात आणि एकत्र लावताच कोसळतात, तर जोडी जुळत नाही. कशानेही फरक पडत नसेल तर रॅम सोडून एसएमपीएस, पंखा, डिस्क यांकडे वळावे.

ज्यांना खात्री हवी त्यांनी चाचणीचा प्रोग्राम चालवावा. विंडोजमध्येच 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' असतो. स्टार्टमध्ये त्याचे नाव लिहिले की तो सापडतो. संगणक पुन्हा सुरू होऊन चाचणी चालते. त्याहून कडक चाचणी 'मेमटेस्ट ८६' ची. क्रिस ब्रॅडी यांनी १९९४ मध्ये लिहिलेला हा प्रोग्राम आजही वापरात आहे. पेन ड्राइव्हवरून तो सुरू करता येतो आणि त्याची मोफत आवृत्ती चार फेऱ्या करते. रात्री दुकान बंद करताना लावून द्यावा आणि सकाळी निकाल पाहावा. एकही चूक दिसली तरी ती रॅम किंवा ती जोडी हिशेबाच्या कामाला नालायक समजावी. 'शंभरात एकच चूक आहे, चालेल' असे कोणी म्हटले तर ऐकू नये.

जोडी जुळत नाही असे ठरले तर नवी रॅम घेण्याआधी एक उपाय करून पाहावा. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद करावा व सारे मूळ स्थितीवर आणावे. तेवढ्याने भागले नाही तर रॅमचा वेग एक पायरी खाली आणावा. बिले व पत्रांच्या कामात हा फरक जाणवतही नाही. त्यानंतर रात्रभराची चाचणी निर्दोष आली तर तीच जोडी ठेवावी. न आल्यास एक पट्टी काढून टाकावी. कमी रॅमचा मंद संगणक एक वेळ परवडतो, चुकीचा आकडा लिहिणारा परवडत नाही.

वऱ्हाडचे ऊन आणि धूळ

आपल्या भागात हा दोष उन्हाळ्यात अधिक डोके वर काढतो, त्याला कारण आहे. उष्णता वाढली की कप्प्यांतील भार लवकर गळतो. चिपचे तापमान ८५ अंशांच्या वर गेले तर कप्पे ६४ ऐवजी ३२ मिलिसेकंदांत भरावेत, असा डीडीआर ३ व ४ साठी दंडकच आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पत्र्याच्या छताखालील दुकानात, भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये त्याहून कितीतरी जास्त उष्णता कोंडते. जेमतेम जुळणारी जोडी थंडीत तग धरते आणि मेच्या दुपारी दगा देते. संगणक सकाळी नीट आणि दुपारी दोननंतर रोज बिघडत असेल तर उष्णतेचा विचार अवश्य करावा. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे व पंखे साफ करावेत.

जिनिंग, सरकी, डाळ मिल किंवा कापड दुकान यांच्या आसपासच्या संगणकात तंतू व भुकटी फार लवकर साचते. तेथे दर तीन महिन्यांनी सफाई हवी. विजेच्या चढउतारासाठी चांगला यूपीएस ठेवावा. त्याने न जुळणारी जोडी जुळणार नाही, पण विजेचा दोष आणि रॅमचा दोष वेगळे ओळखता येतील.

लेबल वाचायला शिका

रॅम घेण्यास जाताना जुनी पट्टी सोबत न्यावी किंवा तिच्या लेबलचा फोटो काढावा. लेबलवर 'पीसी ३' असेल तर डीडीआर ३, 'पीसी ३ एल' असेल तर कमी दाबाची डीडीआर ३, 'पीसी ४' असेल तर डीडीआर ४. त्यापुढील आकडा पाच अंकी असेल तर त्याला ८ ने भागावे, वेग निघतो. १२८०० भागिले ८ म्हणजे १६००. २५६०० भागिले ८ म्हणजे ३२००. १०६०० चे उत्तर १३२५ येते, ती १३३३ ची पट्टी समजावी. 'पीसी ४' पुढील आकडा चार अंकी असेल, जसे २४०० किंवा २६६६, तर तोच वेग. पुढे 'यू' असेल तर डेस्कटॉपची, 'एस' असेल तर लॅपटॉपची, 'आर' असेल तर सर्व्हरची. '१ आर' किंवा '२ आर' हे चिपांच्या रांगा सांगते. तेथे आकडा 'आर' च्या आधी येतो, हे ध्यानात ठेवावे.

लेबल पुसलेले असेल तर 'सीपीयू-झेड' हा मोफत प्रोग्राम संगणक न उघडता पट्टीची आतली नोंद दाखवितो. लेबल एक सांगते आणि नोंद दुसरेच सांगते, तर तो माल परत करावा.

खरेदी-विक्री करताना

जुन्या पट्टीला साथ शोधण्यापेक्षा एकाच पाकिटातील दोन सारख्या पट्ट्यांची जोडी घेणे केव्हाही चांगले. तिची चाचणी एकत्र झालेली असते. जोडी परवडत नसेल तर पिढी, व्होल्ट, वेग, क्षमता व रांगा या पाच गोष्टी जुळवून घ्याव्यात. बिलावर कंपनी व सिरियल नंबर लिहून घ्यावा. जुनी रॅम घेत असाल तर 'न जुळल्यास आठ दिवसांत बदलून मिळेल' एवढे बिलावर आधी लिहून मागावे आणि पहिल्याच रात्री चाचणी लावावी.

पैसा कोणत्या संगणकात घालावा याचाही विचार हवा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबविला. डीडीआर ३ वापरणारे बहुतेक संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यांत जास्त पैसा ओतू नये. दुसरीकडे, एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव जगभर चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने 'क्रुशल' नावाने किरकोळ ग्राहकांना रॅम विकण्याचा व्यवसाय बंद करीत असल्याचे जाहीर केले. नवा माल महागला की जुन्याची उलाढाल वाढते आणि नकली मालही त्याच वाटेने शिरतो. अशा वेळी ग्राहकाने दुप्पट सावध राहावे.

आमच्या वाचकांत जुने संगणक व सुटे भाग विकणारेही अनेक जण आहेत. त्यांना एक विनंती. काढलेली प्रत्येक पट्टी रात्रभर तपासून तिच्यावर तारखेची चिठ्ठी लावा. सदोष पट्टी निघाली तर तिचा ऐब सांगा, किंवा ती सरळ भंगारात टाका. न सांगता विकलेली एक पट्टी कोणाच्या तरी वर्षभराच्या हिशेबात शिरते. उलट 'हा तपासून माल देतो' असे नाव झाले तर मूर्तिजापूर, अचलपूरहूनही गिऱ्हाईक चालत येते.

हे कात्रण संगणकाजवळ ठेवावे. दुरुस्तीवाला येऊन फॉरमॅट करायला बसला की त्याला आधी दोन प्रश्न विचारावेत: हिशेबाची प्रत काढली काय? आणि रॅमची एकेक पट्टी काढून पाहिली काय? दोन्हींचे उत्तर 'होय' आल्याशिवाय त्याला काही पुसू देऊ नये.